सतराव्या टीवरचं गवत

१९३६ साली फिलाडेल्फियाजवळच्या मेरियन गोल्फ क्लबमध्ये सतराव्या होलच्या टीवर, म्हणजे खेळाडू जिथून पहिला फटका मारतो त्या जागेवर, गवताचा एक तुकडा वेगळा दिसत होता. रंगाने गडद, दाट आणि डागविरहित. किती खेळाडू त्यावर उभे राहून गेले असतील! तो हेरला मैदानाचे सुपरिंटेंडेंट जो व्हॅलेंटाइन यांनी.

व्हॅलेंटाइन इटलीहून अमेरिकेत आलेले. मेरियनवर कामाला लागले आणि उभं आयुष्य तिथल्या गवतात घालवलं. अशी नजर रोजच्या कामातून तयार होते. ग्रीनवरचा, म्हणजे होलच्या शेवटी असलेल्या बारीक कापलेल्या हिरवळीवरचा, चेंडू घालायचा खड्डा १०८ मिलिमीटर व्यासाचा असतो आणि तो अधूनमधून हलवावा लागतो. खड्डा पाडायचा कटर मातीत फिरवून वर उचलला की गवतासकट मातीचा गोल गट्टू हातात येतो. जाणता माणूस तो आडवा धरतो, मुळं पांढरी आहेत का, किती खोल गेलीत ते बघतो, माती नाकाशी नेतो. कुजक्या अंड्यासारखा वास आला, काळा थर दिसला, तर खाली हवा पोचत नाही हे त्याला कळतं. वरचं गवत तेव्हा हिरवंगार असू शकतं.

कापणी हीसुद्धा गवताला पुन्हा पुन्हा होणारी जखमच. पान कमी झालं की अन्न कमी तयार होतं, आणि झाड पहिली काटकसर मुळांत करतं. म्हणून एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नये, असा या धंद्यातला जुना नियम आहे. टीवर मात्र गवत बुटकंच लागतं. केंटकी ब्लूग्रास हे हिरवळीचं गवत बुटकं कापलं की अशक्त होतं, मग पानांवर ठिपके पाडणारी बुरशी त्याला गाठते. सतराव्या टीवरचा तो तुकडा याच गवताचा, पण तो कमी उंचीतही तग धरून होता आणि ठिपक्यांनाही दाद देत नव्हता.

पण एका तुकड्याचं करायचं काय? इथे या गवताचा एक विलक्षण गुण कामी आला. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल याची खात्री नसते, म्हणून आपण कलमं बांधतो. केंटकी ब्लूग्रासमध्ये बहुतेक बिया फलनाशिवायच तयार होतात. बीमध्ये आईचाच जनुकसंच जसाच्या तसा उतरतो. वनस्पतिशास्त्रात याला असंगजनन म्हणतात. म्हणजे निसर्गानेच कलम बांधून ते बीच्या रूपात हातात द्यावं, तसं हे. एका झाडापासून हजारो एकरांवर तेच झाड पेरता येतं.

व्हॅलेंटाइन यांनी ते गवत आपल्या मैदानापुरतं ठेवलं नाही, अमेरिकन गोल्फ संघटनेच्या ग्रीन सेक्शनकडे, म्हणजे गवताचा अभ्यास करणाऱ्या विभागाकडे, तपासणीसाठी पाठवलं. मला ही गोष्ट शोधाइतकीच मोठी वाटते. गवत राखायची ही कला पूर्वी बहुतेक ज्याची त्याच्यापाशीच राहायची. १३ सप्टेंबर १९२६ रोजी ओहायोतल्या टोलेडो इथे ६० ग्रीनकीपर, म्हणजे गोल्फची मैदानं राखणारे, एकत्र आले आणि त्यांनी आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली. यंगस्टाउनचे जॉन मोर्ली पहिले अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षी मासिक निघालं. कुठल्या बुरशीवर काय चाललं, कुठलं खत अंगाशी आलं, हे माळ्यांनी माळ्यांसाठी लिहायला सुरुवात केली. त्या काळी बुरशीवर पाऱ्याची संयुगं मारत, त्यामुळे चुका एकमेकांना सांगणं किती गरजेचं होतं ते लक्षात येईल. व्हॅलेंटाइन याच पिढीतले. पेनसिल्व्हेनियाच्या राज्य विद्यापीठाने गवतावर संशोधन करावं म्हणून त्यांनी पाठपुरावा केला आणि १९२९ मध्ये तिथे ते काम सुरू झालं. आज सुपरिंटेंडेंट व्हायला निघालेली मुलं तिथे मृदाशास्त्र आणि वनस्पतिरोग शिकतात.

मेरियनच्या गवताला प्रयोगवाफ्यात 'बी-२७' हा क्रमांक मिळाला. चाचण्यांतून पार पडल्यावर १९४०च्या दशकाच्या अखेरीस ते 'मेरियन' नावाने बाहेर आलं आणि पुढच्या काळात अमेरिकेतल्या घरांपुढच्या हिरवळींवर पसरलं. गोल्फची काठी कधी हातात न धरलेल्या माणसांच्या अंगणात सतरावी टी पोचली.

मग त्याच गुणाची दुसरी बाजू दिसली. सगळीकडे एकच झाड, त्यामुळे एकाला जो रोग लागतो तो सगळ्यांना लागतो. ठिपक्यांना पुरून उरलेलं मेरियन तांबेऱ्यापुढे आणि पात्यांवर काळसर पट्टे पाडणाऱ्या काणीपुढे कमी पडलं. हिरवळीवरून चालल्यावर बुटांना नारिंगी भुकटी लागायची, ती तांबेऱ्याची. त्यानंतर नवे वाण आले, आणि ब्लूग्रासचं बी पेरताना दोन-तीन वाण एकत्र मिसळण्याची पद्धत रुळली.