पार्श्वभूमी : ‘टीन’ पाटीच्या टेबलावरची दोन मुखपृष्ठं

किलोवर पुस्तकं विकणारी प्रदर्शनं ठाण्यात आणि वाशीत अधूनमधून भरतात. तिथल्या ‘टीन’ पाटीच्या टेबलावर एकाच फँटसी कादंबरीच्या दोन प्रती मला एकदा शेजारी शेजारी मिळाल्या. एकीच्या मुखपृष्ठावर तरुणी, दुसरीवर माणूस नावाला नाही, नुसता भडक रंग आणि एक जनावर. मी दोन्ही चाळत होते, तेवढ्यात बाजूच्या बाईंनी विचारलं, “ताई, हे नववीतल्या मुलीला चालेल ना?” प्रश्न साधाच होता, पण त्याचं उत्तर तुमच्या हातात कोणत्या सालची प्रत आहे त्यावर ठरतं.

ती कादंबरी ज्या मालिकेतली, ती ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ ही मालिका २०१५ साली वायए, म्हणजे ‘यंग अडल्ट’, साधारण १२ ते १७ वयाच्या वाचकांसाठी, म्हणून बाजारात आली. २०२० साली तिला नवीन मुखपृष्ठं चढली आणि ती मोठ्यांच्या कपाटात गेली. गोष्ट तीच, नायिका तीच, दारामागचे प्रसंगही तेच. बदललं ते फक्त कपाट. वायए परीक्षणं लिहिणाऱ्यांत त्यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी एखाद्या पुस्तकाच्या शेवटावरूनही झालेली मी पाहिलेली नाहीत.

याचं मूळ २००९ सालात आहे. अठरा ओलांडलेल्या नायक-नायिकांच्या कथा हव्यात म्हणून एका अमेरिकन प्रकाशनाने स्पर्धा घेतली आणि ‘न्यू अडल्ट’ हा शब्द रूढ केला. शब्द चालला, पण दुकानांनी त्याला कपाट काही दिलं नाही. मग कॉलेजवयाची नायिका, प्रेम आणि शरीरसंबंध असलेली पुस्तकं एक तर वायएत घुसवायची, नाही तर मोठ्यांच्या कपाटात ढकलायची. फँटसी असेल तर ती हमखास वायएत जाई. राजकन्या, तलवार, पंखवाली माणसं दिसली की विक्रेत्याला ते मुलांचंच वाटतं.

माझ्या मते २०२०चा निर्णय बरोबर होता, फक्त पाच वर्षं उशिरा झाला. ‘मुलांच्या हिताचा विचार’ हे त्याचं सांगितलं जाणारं कारण मात्र मला अर्धंच पटतं. २०१२ साली अमेरिकेत झालेल्या एका बाजार-पाहणीत दिसलं होतं, की १२ ते १७ वयासाठी म्हणून छापलेली पुस्तकं विकत घेणाऱ्यांपैकी ५५ टक्के लोक अठरा किंवा त्याहून मोठे आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा गट ३० ते ४४ वयाचा आहे. गिऱ्हाईक कुठल्या कपाटापाशी उभं आहे हे प्रकाशकाला आपल्याआधी कळतं. मी स्वतः त्या मालिकेचा पहिला भाग अडतिसाव्या वर्षी वाचला, ऐरोली ते वाशी, ट्रान्स-हार्बरच्या गर्दीत मुखपृष्ठ छातीशी धरून. नवीन मुखपृष्ठ असतं तर एवढं लपवावं लागलं नसतं.

कपाट बदलल्याचा हिशेब चुकता करावा लागला तो परीक्षणकर्त्यांना. वाचकांच्या सर्वांत मोठ्या तारांकन-संकेतस्थळावर एका पुस्तकाच्या सगळ्या आवृत्त्यांचे तारे एकत्र मोजले जातात. त्यामुळे २०१६ साली सोळा वर्षांच्या मुलीने भारावून दिलेले पाच तारे आणि २०२२ साली तीस वर्षांच्या बाईने ‘भाषा बाळबोध’ म्हणून दिलेले दोन एकाच सरासरीत मिसळतात. शिवाय तिथल्या नियमाने दोन ताऱ्यांचा अर्थ ‘ठीक होतं’ आणि तीनचा ‘आवडलं’. ऑनलाइन खरेदीत मात्र तीन तारे दिसले की आपण मिक्सरसुद्धा घेत नाही. आमच्याकडच्या मुली ही खरेदीची सवय घेऊन पुस्तकाकडे येतात आणि आवडलेल्या प्रत्येक पुस्तकाला पाच देऊन मोकळ्या होतात.

मराठीत हा गुंता आणखी वाढतो, कारण वायएला आपल्याकडे नीट शब्दच नाही. ‘किशोर’ म्हणावं तर पाठ्यपुस्तकवाल्यांचं त्या नावाचं मासिक १९७१पासून घराघरांत आहे, आणि ते वाचणारा मुलगा अजून शाळेच्या अर्ध्या वाटेवर असतो. ‘कुमार’ म्हणावं तर तो ‘बालकुमार’ या जोडशब्दात बालाला चिकटलेला. खो-खोच्या मैदानावर हिशेब वेगळा. तिथे किशोर गट १४ वर्षांखालचा आणि कुमार गट १८ वर्षांखालचा. म्हणजे ठाण्यातला सतरा वर्षांचा खेळाडू मैदानात कुमार गटात आणि वाचनालयात थेट प्रौढांच्या रांगेत. ‘युवा’ म्हटलं की पुरस्कार आणि राजकारण आठवतं. ‘तरुणाई’ पुरवणीवाल्यांनी वापरून गुळगुळीत केला. परिणामी आम्ही सगळे ‘वायए’ लिहितो आणि घरातल्या मोठ्यांना वाटतं, कसली तरी परीक्षा आहे.

प्रेम आणि जादू एकत्र आलेल्या प्रकाराला मात्र मराठीत जुना, नेमका शब्द आहे : अद्भुतरम्य. १८६०च्या दशकातल्या मराठी कादंबऱ्यांना, म्हणजे संकटात सापडलेली सुंदर नायिका, धीरोदात्त नायक, अशक्यप्राय योगायोग आणि शेवटी मीलन, समीक्षकांनी हेच विशेषण लावलं, बहुतेक वेळा नाक मुरडून. १८८५नंतर वास्तववादी कादंबरीने बाजी मारली आणि अद्भुतरम्य हा शब्द साहित्याच्या इतिहासातल्या एका प्रकरणात जाऊन बसला. आज इंग्रजीत ‘रोमँटसी’ म्हणून जे खपतं त्याला हा शब्द अंगचा बेतल्यासारखा बसतो. ठाण्यात १८९३पासून मराठी पुस्तकं सांभाळणारं ग्रंथालय आहे. ज्या पिढीने ते उभं केलं तिला ‘रोमँटसी’ कळायला पाच मिनिटंसुद्धा लागली नसती.

चौदाच्या आत मुलं आणि चौदा ते एकवीस ‘तरुण व्यक्ती’, अशी वयाची रेघ इंग्लंडमध्ये १८०२ सालीच ओढली गेली होती. ओढली ती मुलांच्या पुस्तकांची परीक्षणं छापणाऱ्या एका बाईंनी. प्रकाशकांना तेव्हा त्याचं सोयरसुतक नव्हतं. पुढे अमेरिकेतल्या ग्रंथपालांनी १९५७ साली ‘यंग अडल्ट’ सेवांसाठी वेगळा विभाग केला आणि एका मुलीने शाळकरी वयात लिहायला घेतलेली कादंबरी १९६७ साली येऊन गाजली, तेव्हा या वर्गाला जीव आला. त्यानंतरचा जादूगार मुलगा (हॅरी पॉटर), पिशाच्चाचं प्रेम (ट्वायलाइट) आणि धनुष्यवाली मुलगी (हंगर गेम्स) सगळ्यांना ठाऊक आहेत.

आपल्याकडे परीक्षण हा प्रकार दिवाळी अंक आणि रविवारच्या पुरवणीपुरता होता. पुस्तकावर ‘अभिप्रायार्थ’ असा शिक्का पडायचा, आणि परीक्षण नाही आलं तरी ‘साभार पोच’ या यादीत नाव तरी छापून यायचं. प्रत फुकट आली हे त्या दोन शब्दांतच उघड होतं. अमेरिकेत हेच सांगणं २००९च्या सरकारी सूचनांनी बंधनकारक झालं, तर भारतात २०२१ साली जाहिरात क्षेत्राच्या स्वयंनियमनाने. म्हणजे जे आपण साभार म्हणून आनंदाने सांगत होतो, ते आता हॅशटॅगखाली बारीक अक्षरांत सांगतो.

भारतात या पुस्तकांची लाटसुद्धा आडवाटेने आली. परदेशात २०२०मध्ये टिकटॉकवरच्या छोट्या व्हिडिओंनी जुनी पुस्तकं पुन्हा खपवायला सुरुवात केली, आणि नेमक्या त्याच जूनअखेर ते अ‍ॅप इथे बंद झालं. मग जे आलं ते इन्स्टाग्रामच्या रील्समधून आलं. त्यात कथानकाऐवजी ‘आधी शत्रू, मग प्रेमी’ असं एका ओळीचं लेबल असतं आणि शृंगार किती, हे सांगायला मिरच्या. तीन मिरच्या म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नाही. एकीची तीन दुसरीची एक असते. तरी वयाची सूचना म्हणून तेवढीच हाताशी आहे, आणि नवीन परीक्षणांत ती पहिल्या ओळीतच येऊ लागली आहे.

वाशीतल्या त्या बाईंना मी जनावराचं मुखपृष्ठ दाखवून म्हटलं, हे मोठ्यांसाठी आहे. त्यांनी मान डोलावली आणि तरुणीवाली प्रत उचलून वजनकाट्यावर ठेवली.