सातबाऱ्यावरचे दोन शब्द

येऊरच्या डोंगराच्या पायथ्याची उरलेली जमीन एखाद्या संस्थेने विकत घेऊन कायमची मोकळी का ठेवू नये, असे ठाण्यात दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतेच. बाहेर हे होते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1891 साली असा पहिला विश्वस्त निधी उभा राहिला. अशा संस्था जमीन देणगीत घेतात किंवा विकत घेतात. नाहीतर मालकी मालकाकडेच ठेवून बांधकामाचा हक्क तेवढा करार करून कायमचा सोडवून घेतात. जमीन वारसांकडे गेली, विकली गेली, तरी तो करार सुटत नाही.

आपल्याकडे ही वाट पहिल्याच पावलाला अडते. कूळकायद्याच्या कलम 63 मुळे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, आणि संस्था काही खातेदार शेतकरी नसते. बांधकामाचा हक्क सोडवून घेणेही अवघड, कारण 1882 चा सुविधाधिकार कायदा फक्त शेजारच्या जमिनीच्या उपभोगासाठी लागणारा हक्क मानतो, जसे वाट किंवा पाणी. ज्या संस्थेची शेजारी जमीनच नाही, तिने कोणत्या नात्याने हक्क सांगायचा? विकास आराखड्यातले आरक्षण हा आणखी एक मार्ग, पण 10 वर्षांत जमीन ताब्यात आली नाही तर मालक नोटीस देतो आणि मुदतीत हालचाल झाली नाही की आरक्षण उडते.

म्हणून ठाण्याच्या डोंगरउताराची राखण प्रत्यक्षात ‘खासगी वन’ या दोन शब्दांवर येऊन पडली. 1975 च्या कायद्याने राज्यातली खासगी वने 30 ऑगस्ट 1975 पासून सरकारजमा झाली. विकत घेणे नाही, वाटाघाटी नाहीत. ठरलेला दिवस उजाडला आणि मालकी बदलली. 1978 मध्ये दुरुस्ती होऊन लहान मालकांना 12 हेक्टरांपर्यंतची जमीन परत मिळण्याची सोय झाली.

गुंता व्याख्येत आहे. 1927 च्या वन कायद्याच्या कलम 35(3) खाली, म्हणजे जमिनीवरच्या झाडतोडीसारख्या वापरावर निर्बंध का घालू नयेत असे मालकाला विचारणारी, नोटीस ज्या जमिनीला ‘काढली’ आहे, तीही खासगी वन ठरणार होती. अशा कितीतरी नोटिसा 1950 च्या दशकातल्या. काढली म्हणजे राजपत्रात छापली, की मालकाच्या हातात दिली? हा खुलासा वेळेत झाला नाही आणि नोंदीही झाल्या नाहीत. मधल्या काळात त्याच जमिनी बिनशेती झाल्या, बांधकाम परवानग्या मिळाल्या, इमारती उभ्या राहिल्या, लोक राहायला आले. 2005 मध्ये एका जनहित याचिकेत उच्च न्यायालयाने दफ्तर अद्ययावत करायला सांगितले आणि सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘खासगी वन’ हा शेरा उमटू लागला. ठाणे आणि मुलुंडमधल्या हजारो कुटुंबांना आपले घर वनजमिनीवर असल्याचे तेव्हा कळले. कर्ज घेऊन फ्लॅट घेतलेल्या माणसाने पन्नास वर्षांपूर्वीची नोटीस कुठे शोधायची होती?

उच्च न्यायालयाने 2008 मध्ये सरकारची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाने 30 जानेवारी 2014 रोजी तो निकाल फिरवला: नोटीस मालकाला बजावलेली हवी, त्याचे म्हणणे ऐकण्याची संधी हवी आणि 1975 मध्ये ती कारवाई जिवंत असायला हवी.

रहिवाशांसाठी हा निकाल न्याय्यच होता. पण जिथे वीटही लागलेली नाही, जिथे आजही साग आणि ऐन उभे आहेत, त्या उतारांनाही तोच निकष लागतो, याची चर्चा फारच कमी झाली. तीस वर्षे दफ्तर झोपले आणि त्याची किंमत डोंगराने मोजावी, हे मला पटत नाही. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवतीचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र डिसेंबर 2016 मध्ये जाहीर झाले, त्याने बांधकामावर निर्बंध आले. पण मालकीचा प्रश्न त्याने सुटला नाही. उतारावरच्या एखाद्या सर्व्हे नंबरचे पुढे काय होणार, हे बघायला आजही आधी जुन्या गठ्ठ्यांतून त्या नोटिशीची सही केलेली पोच शोधावी लागते.