शालेय दादागिरी : मुलगे आणि मुली

प्रतिकार करणे ज्याला जड जाते अशा विद्यार्थ्याला सोबत्यांनी जाणूनबुजून आणि वारंवार त्रास देणे म्हणजे शालेय दादागिरी किंवा बुलिंग. हेतू, पुनरावृत्ती आणि बळातील तफावत या तिच्या कसोट्या नॉर्वेतील मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेयस यांनी रूढ केल्या. तुल्यबळ मुलांची मारामारी तीत मोडत नाही.

ओल्वेयस यांचे १९७०च्या दशकातील पहिले अभ्यास स्वीडनमधील मुलग्यांवर होते. १९८२च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्यावर तेथील सरकारने १९८३मध्ये देशव्यापी मोहीम काढली आणि सुमारे १,३०,००० विद्यार्थ्यांची पाहणी झाली. त्यात दादागिरी करणाऱ्यांत मुलगे बरेच जास्त निघाले. याहून बोलका निष्कर्ष वेगळाच होता : पाचवी ते सातवीतील त्रास सोसणाऱ्या मुलींपैकी ६० टक्क्यांहून अधिक जणींना तो प्रामुख्याने मुलग्यांकडून होत होता. ‘मुलींना मुलीच छळतात’ या समजाला तेव्हाच तडा जायला हवा होता.

तो गेला नाही, कारण पुढे वेगळ्या प्रकारच्या छळाकडे लक्ष वळले. फिनलंडमध्ये लागरस्पेट्झ आणि ब्यॉर्कविस्ट यांनी १९८८मध्ये अप्रत्यक्ष आक्रमकता मोजली : पाठीमागे कुजबुज, अफवा, मैत्रिणी फोडणे, वाळीत टाकणे. त्यात मुली पुढे दिसल्या. अमेरिकेत क्रिक व ग्रॉटपीटर यांच्या १९९५च्या अभ्यासानेही तेच सुचवले. मात्र २००८मध्ये नोएल कार्ड व सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा मारहाणीसारख्या प्रत्यक्ष आक्रमकतेत मुलगे स्पष्टपणे पुढे होते, तर अप्रत्यक्ष प्रकारातला फरक नगण्य ठरला. म्हणजे अफवा पसरवण्यात मुलगेही काही मागे नाहीत. त्यांची मारामारी आधी नजरेत भरते, एवढेच.

त्रास सोसणाऱ्यांचे चित्र वयानुसार आणि प्रश्न कसा विचारला त्यानुसार पालटते. अमेरिकेतील हायस्कूल विद्यार्थ्यांच्या २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत आदल्या वर्षभरात शाळेच्या आवारात दादागिरी सोसल्याचे २३.६ टक्के मुलींनी आणि १५.४ टक्के मुलग्यांनी सांगितले. ऑनलाइन छळाबाबत हेच आकडे २०.४ आणि १०.९ होते. अर्थात हे आकडे ज्याच्या त्याच्या सांगण्यावर उभे आहेत, आणि मोठ्यांकडे तक्रार नेण्यात मुलगे मुलींपेक्षा मागे असतात. ‘रडतोस काय मुलीसारखा’ हे ऐकत वाढलेला मुलगा पाहणीच्या प्रश्नावलीतही कितपत मोकळा होईल, ही शंका रास्त आहे.

बघ्यांमध्येही हा भेद उमटतो. क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी १९९६मध्ये फिनलंडच्या वर्गांतील भूमिका नोंदवल्या. दादागिरी करणाऱ्याचे साथीदार आणि त्याला चेव आणणारे बहुधा मुलगे होते. पीडिताची बाजू घेणाऱ्या किंवा अलिप्त राहणाऱ्या बहुधा मुली. फिनलंडच्या शाळांत २००९पासून देशभर राबवला गेलेला दादागिरीविरोधी ‘किवा’ कार्यक्रम म्हणूनच दोषी मुलापुरता न थांबता साऱ्या वर्गाला हाताशी धरतो.