डेमलो संख्या

डेमलो संख्या : फक्त १ हा अंक ओळीने लिहून झालेल्या संख्येचा वर्ग. १, १२१, १२३२१, १२३४३२१ अशी ही माळ वाढत जाते. नऊ वेळा १ लिहून केलेला वर्ग १२३४५६७८९८७६५४३२१ हे तिचे सर्वांत देखणे रूप. डेमलो संख्यांचा व्यापक गट याहून मोठा आहे. त्यात १६५, २५५३, ४७७७३ अशाही संख्या येतात : दोन टोकांचे अंक मिळवले की मधला अंक मिळतो.

या संख्यांचा अभ्यास द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) यांनी केला. जन्म डहाणूचा, शाळा ठाण्यात, १९२९ साली मुंबई विद्यापीठाची पदवी आणि पुढे देवळालीत शाळामास्तरकी. मुंबईपासून सुमारे ३० मैलांवर, त्या काळच्या जी.आय.पी. रेल्वेच्या डेमलो (आजचे डोंबिवली) स्थानकावर त्यांना ही कल्पना सुचली, म्हणून संख्यांना नावही स्थानकाचेच. आज लाखो चाकरमानी जिथे लोकल पकडतात, ते नाव अंकगणितात असे कायमचे जाऊन बसले आहे. कापरेकरांच्या कामाला ‘अंकांचा खेळ’ म्हणून बाजूला सारणारे पुष्कळ होते. ते त्यांच्यावर अन्यायाचे होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

अंकांच्या या चढउताराचे रहस्य हातच्यात आहे. १११११११११ ला त्याच संख्येने गुणताना तीच ओळ नऊ वेळा, दर वेळी एक घर डावीकडे सरकवून लिहावी लागते. उजव्या टोकाच्या स्तंभात एकच १ पडतो, पुढच्यात दोन, मग तीन. सर्वांत उंच मधला स्तंभ, त्यात नऊ. कुठेही दहा भरत नाहीत, म्हणून हातचा घ्यावा लागत नाही आणि प्रत्येक स्तंभाची उंची जशीच्या तशी उत्तरात उतरते. दहा एकांचा वर्ग केला की मधे हातचा येतो आणि उत्तर होते १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गळतो.

नऊ एकांचा वर्ग सतरा अंकी आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथात एकं-दहंपासून जी अठरा स्थाने दिली आहेत, त्यांत त्याचा पहिला अंक ‘मध्य’ स्थानी बसतो, परार्ध या शेवटच्या स्थानाच्या एकच पायरी खाली. त्याचे मूळ अवयव ३ × ३ × ३ × ३ × ३७ × ३७ × ३३३६६७ × ३३३६६७ असे असून एकूण विभाजक ४५ आहेत. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने संख्येला पूर्ण भाग जातो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्यांना ‘हर्षद’ हे नावही कापरेकरांनीच दिले. त्यांच्या दोन्ही कल्पना इथे एकाच संख्येत भेटतात. भागाकार येतो १२३४५६७९ चा वर्ग. इथेही ८ नाही. हीच १२३४५६७९ ही संख्या ९ ने गुणली की नऊ एक परत मिळतात. मूळ सतरा अंकी संख्येचे १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ असे दोन तुकडे करून बेरीज केली तर ९९९९९९९९९ येते.