इंट्राकॅथ बदलायचं की राहू द्यायचं? साहित्य आढाव्यामागची गोष्ट

हाताला लावलेलं इंट्राकॅथ, म्हणजे सलाईनसाठी शिरेत बसवलेली बारीक नळी (कॅन्युला), तीन-चार दिवसांनी बदलायचंच, जागा स्वच्छ असली, सलाईन नीट जात असलं तरी. कित्येक सिस्टर हे वॉर्डातच शिकल्या. हा नियम हवेतून आलेला नव्हता. शिरेला सूज येऊ नये म्हणून प्रौढ रुग्णांत ७२ ते ९६ तासांनी कॅन्युला बदला, असं अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००२ मध्ये सांगितलं होतं. पण ज्या म्हाताऱ्या माणसाची नस सापडायला तीनदा टोचावं लागतं, त्याच्या उशाशी उभं राहिलं की प्रश्न पडतो: खरंच बदलायला हवं?

नर्सिंगमधला साहित्य आढावा, म्हणजे एका प्रश्नावर आधी झालेलं संशोधन शोधून, पारखून एकत्र मांडणं, असल्या प्रश्नासाठी असतो. प्रबंधाचं दुसरं प्रकरण भरायचं म्हणून तो लिहिला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

त्याची पाळंमुळं एका ग्रंथपाल बाईंपर्यंत जातात. १९४० च्या दशकात लॉस एंजेलिसच्या व्हाइट मेमोरियल रुग्णालयात एला क्रँडल नर्सिंगच्या मासिकांतल्या लेखांची सूची कार्डांवर करत होत्या, परिचारिकांना हवा तो लेख सापडावा म्हणून. १९६१ मध्ये ती सूची छापून निघाली. नर्सिंगमधले लेख शोधायला आज आपण ‘सिनाहल’ ही सूची उघडतो, तिची सुरुवात ही. लेख सापडू लागले, तरी त्यांची गोळाबेरीज कोण करणार? ब्रिटिश डॉक्टर आर्ची कॉक्रन यांनी १९७९ मध्ये नेमकी हीच खंत मांडली आणि १९९३ मध्ये असे आढावे करणारी त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. रुग्ण, उपाय, तुलना, परिणाम असा प्रश्न बांधण्याची ‘पिको’ पद्धत १९९५ मधली.

आपला प्रश्न त्यात बसवून पाहा. रुग्ण: हाताला कॅन्युला असलेले प्रौढ. उपाय: गरज पडली तरच बदलणं. तुलना: ठरल्या वेळी बदलणं. परिणाम: शिरेची सूज, जंतुसंसर्ग. ऑस्ट्रेलियातल्या परिचारिका-संशोधक क्लेअर रिकर्ड यांच्या गटाने क्वीन्सलंडच्या तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर हेच तपासलं. २०१२ मध्ये निष्कर्ष आले: सुजेचं प्रमाण दोन्ही गटांत ७ टक्के. कॉक्रन संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात ९ चाचण्या आणि ७,४१२ रुग्ण होते. त्यातही ठरावीक वेळी बदलण्याचा स्पष्ट फायदा दिसला नाही.

प्रश्न मिटला असं वाटत असतानाच २०२१ मध्ये जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांतून ४,१२,६३१ कॅन्युलांची नोंद प्रसिद्ध झाली. ‘गरज पडली तरच’ हे धोरण आल्यावर तिथे कॅन्युलामुळे रक्तात होणारा संसर्ग वाढला होता. प्रमाण अगदी थोडं, त्यामुळे काही हजार रुग्णांच्या चाचणीत ते दिसणं अवघडच. अर्थात ही निरीक्षणं आहेत, चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली चाचणी नव्हे. तिचं वजन किती धरायचं, हे आढावा लिहिणारीने कारणं देऊन ठरवायचं असतं. आणि शेवटचा शोध कोणत्या तारखेला घेतला, तेही लिहायचं असतं. २०१९ ला थांबलेल्या आढाव्यात जिनिव्हा असणारच नाही.