रक्तगट निगेटिव्ह आणि एपीएस: घाव नेमका कुठे बसतो?

पाचव्या-सहाव्या महिन्यात मूल पोटातच गेलं, की खानदेशात यावल-रावेरपासून शहाद्यापर्यंत एकच निदान ऐकू येतं: "दोन्हीस्नं रगत जुयत नही." मग नवऱ्याचा रक्तगट तपासतात. तो पॉझिटिव्ह, बायकोचाही पॉझिटिव्ह. म्हणजे रक्तगटाचा प्रश्न बहुधा तिथेच संपला. तरी बोलणी खाते ती सून, आणि एपीएस या आजाराची खरी तपासणी राहूनच जाते. याची मला मनस्वी चीड आहे.

आरएच निगेटिव्हचं, म्हणजे निगेटिव्ह रक्तगटाचं, गणित बहुतेकांना पाठ आहे. आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह, बाळंतपणात रक्त मिसळतं, आईच्या शरीरात अँटीबॉडी तयार होतात आणि पुढच्या खेपेला त्या बाळाच्या तांबड्या पेशी फोडतात. पहिलं मूल बहुधा सुखरूप असतं. 28व्या आठवड्यात आणि बाळंतपणानंतर 72 तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन घेतलं की बहुतेक धोका टळतो.

एपीएस, म्हणजे अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोम, हे वेगळंच प्रकरण आहे. ग्रॅहम ह्यूज यांनी 1983 मध्ये त्याचं वर्णन केलं. यात आईची प्रतिकारशक्ती आईच्याच रक्तातल्या प्रथिनांवर उलटते. लूपस या स्वप्रतिकार (म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याच्या) आजाराच्या रुग्णांत एपीएस जास्त दिसतो, पण लूपस नसलेल्या बाईलाही होतो. नवऱ्याच्या रक्ताशी त्याचा काडीचाही संबंध नाही. अँटीबॉडी आधीपासूनच असू शकतात, त्यामुळे पहिली खेपही सुटत नाही.

दोन्हीकडे "अँटीबॉडी" हा शब्द आला की लोक एकच समजतात. गल्लत होते ती इथेच. आरएचमध्ये अँटीबॉडी वार (बाळाला गर्भाशयाशी जोडणारी प्लासेंटा) ओलांडतात आणि पलीकडे बाळाच्या रक्तावर तुटून पडतात. वारेशी त्यांचं वैर नसतं. बाळ फिकं पडतं, त्याला सूज येते आणि आजार बळावला की वारही सुजून जाड, मोठी, फिकट होते. एपीएसमध्ये घाव वारेवरच बसतो. वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून तिथल्या रक्तवाहिन्या रुंद करतात, म्हणून वारेला भरपूर रक्त मिळतं. या अँटीबॉडी त्याच पेशींना चिकटतात, दाह पेटवतात आणि रुजण्याचं काम अर्धवट राहतं. पुढे वारेत रक्त गोठतं आणि तिचे तुकडे मरतात. अशी वार हातात घेतली तर लहान आणि हलकी लागते. कापली की आत घट्ट, फिकट चकत्या दिसतात. केळीच्या बागेत खोड निरोगी असावं, विहिरीला पाणी असावं आणि ड्रिपची नळीच चोंदलेली असावी, तसं हे. बाळात दोष नसतो, त्याला पोषणच पोचत नाही. मग बाळाचं वजन वाढत नाही, त्याच्याभोवतीचं पाणी कमी होतं, 34 आठवड्यांच्या आतच आईचं बीपी चढतं किंवा बाळाचे ठोके थांबतात. "फक्त रक्ताच्या गाठी होतात" असं सांगून मोकळं होणंही मला पटत नाही. सुरुवातीचं नुकसान बरंचसं दाहाचं असतं.

म्हणूनच डॉप्लर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) एकच असला तरी आरएचमध्ये बाळाच्या मेंदूतल्या रक्तवाहिनीतला रक्ताचा वेग बघतात आणि एपीएसमध्ये नाळेचा व गर्भाशयाचा प्रवाह.

स्वप्रतिकार आजार म्हणजे नेहमी वारेवरच हल्ला, असंही नाही. लूपस किंवा शोग्रेन या अशाच दुसऱ्या आजाराच्या काही बायकांत अँटी-रो अँटीबॉडी असतात. त्या आरएचसारख्याच पलीकडे जातात आणि क्वचित बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावतात.

तपासणीबाबत माझा हट्ट आहे. एपीएससाठी तीन चाचण्या असतात: लूपस अँटीकोॲग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन आणि अँटी-बीटा-2 ग्लायकोप्रोटीन. एकदा पॉझिटिव्ह आल्यावर किमान 12 आठवड्यांनी पुन्हा करायच्या, कारण साध्या तापानंतरही त्या तात्पुरत्या पॉझिटिव्ह येतात. एका रिपोर्टवर आयुष्यभराचा शिक्का मारू नये. शक्यतो हेपरीन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन) सुरू होण्याआधीच रक्त द्यावं, नाहीतर पहिली चाचणी फसवते.

उपचार म्हणजे कमी मात्रेची ॲस्पिरिन आणि पोटावर घ्यायचं हेपरीन. "इतकी इंजेक्शनं बाळाला बाधतील" म्हणून सासरी ती बंद पाडतात. हेपरीन वार ओलांडत नाही. रक्त गोठू न देणारी वॉरफरिनची गोळी मात्र ओलांडते, म्हणून ती चालू असेल तर दिवस राहताच डॉक्टरांकडून बदलून घ्यायची. निगेटिव्हचं इंजेक्शन, म्हणजे अँटी-डी, घेतलंय म्हणून हेपरीन नको, हा तर शुद्ध घोळ आहे.

आणखी एक फरक बाळंतपणानंतरचा. आरएचच्या अँटीबॉडी आईला स्वतःला काही करत नाहीत. एपीएसच्या आईच्या पायात रक्ताची गाठ होऊ शकते, पक्षाघातही होऊ शकतो, आणि बाळंतपणानंतरचे सहा आठवडे जास्त जोखमीचे. सव्वा महिना खाटेवरून उठू न देण्याची रीत तिच्यासाठी घातक आहे. तिला चालतं ठेवा आणि डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस हेपरीन चालू ठेवा. पाळणा लांबवायला आशाताईंनी माला-एन दिली तर आजार सांगून ती परत करा, कारण त्यातल्या इस्ट्रोजेनने गाठीचा धोका वाढतो. तांबी बसवलेली चालते.