घरगुती नेटवर्कवरील संथ फाइल हस्तांतरण

घरातील दोन संगणकांमध्ये, किंवा संगणक आणि सामायिक साठवणयंत्र यांच्यामध्ये, फाइली अपेक्षेपेक्षा फार हळू जात असतील तर त्यामागील दोष शोधण्याची पद्धत या नोंदीत दिली आहे. फाइल एका डिस्कवरून वाचली जाते, केबलमधून किंवा वाय-फायने राउटरकडे आणि तेथून पुढे जाते आणि दुसऱ्या डिस्कवर लिहिली जाते. या मार्गावरील सर्वांत मंद टप्पा जो वेग देईल तोच अखेर पदरी पडतो. इंटरनेट जोडणीच्या वेगाचा येथे संबंध नसतो. घरातल्या घरात होणारी ही वाहतूक राउटरच्या बाहेर जातच नाही, त्यामुळे केवळ यासाठी महागडा इंटरनेट प्लॅन घेणे व्यर्थ आहे.

प्रथम पडद्यावर दिसणारा आकडा नीट वाचावा, कारण बहुतेक वेळा निदान त्यातच असते. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात, फाइलचा आकार मात्र बाइटमध्ये मोजतात आणि एका बाइटमध्ये ८ बिट असतात. म्हणून सेकंदाला १,००० मेगाबिट वाहून नेणाऱ्या गिगाबिट जोडणीवर सेकंदाला १२५ मेगाबाइट ही कमाल मर्यादा ठरते आणि प्रत्यक्षात ११० ते ११८ मेगाबाइट मिळतात. आकडा जर ११ ते १२ मेगाबाइटवर स्थिर राहत असेल, तर मार्गात कोठेतरी १०० मेगाबिटची जोडणी आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. २० गीगाबाइटचा व्हिडिओ गिगाबिट जोडणीवर सुमारे तीन मिनिटांत जातो. १०० मेगाबिटवर त्यालाच अर्धा तास लागतो.

अशा वेळी संशय आधी केबलवर घ्यावा. १९९५ साली प्रमाणित झालेले १०० मेगाबिटचे इथरनेट केबलमधील चारपैकी दोनच तारजोड्या वापरते, तर १९९९ चे गिगाबिट इथरनेट चारही जोड्या वापरते. त्यामुळे उरलेल्या दोन जोड्यांतील एखादी तार तुटली, किंवा जोडणीच्या टोकाशी नीट बसली नाही, तरी नेटवर्क चालू राहते आणि वेग मात्र मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरतो. दाराच्या फटीतून ओढलेल्या किंवा कपाटामागे दुमडलेल्या केबलीत हा दोष विशेष आढळतो. कॅट ५ई किंवा त्यावरील दर्जाची, शुद्ध तांब्याची दुसरी केबल लावून पाहणे ही सर्वांत स्वस्त चाचणी होय. काही राउटरांचे सर्व पोर्ट गिगाबिटचे नसतात, तेव्हा केबल कोणत्या पोर्टात खोचली आहे हेही तपासावे. एका टोकाला वेग व डुप्लेक्स (माहिती दोन्ही दिशांनी एकाच वेळी जाणार की आळीपाळीने, ही मांडणी) हाताने ठरवून दिलेले असतील आणि दुसरे टोक ते आपोआप ठरवू पाहत असेल, तर जोडणी वरकरणी ठीक दिसते, परंतु मोठी फाइल पाठवताच वेग कोलमडतो. दोन्ही टोके ‘ऑटो’वर ठेवणे हा त्यावरील उपाय आहे.

वाय-फायवर आकडे इतके स्पष्ट बोलत नाहीत. एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, आणि दोन्ही संगणक एकाच वाय-फायवर असतील तर प्रत्येक बाइटला हवेतून दोनदा प्रवास करावा लागतो, म्हणजे वेग निम्म्यावर येतो. निदान एक संगणक केबलने जोडला तरी मोठा फरक पडतो. दाट वस्तीच्या इमारतींत २.४ गीगाहर्ट्झचा पट्टा शेजाऱ्यांच्या राउटरांनी भरलेला असतो. तेथे ५ गीगाहर्ट्झ बरा, मात्र काँक्रीटच्या भिंतींतून तो कमी पोहोचतो.

नेटवर्क निर्दोष असूनही डिस्क मागे पडू शकते. वेग सुरुवातीला ११० मेगाबाइट दिसून काही क्षणांत कोसळत असेल, तर आरंभीचा माल केवळ मेमरीत साठत होता आणि खरा वेग नंतर दिसू लागला असे समजावे. यूएसबी २.० ला जोडलेली डिस्क सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइटच्या पुढे सहसा जात नाही. हजारो छोटी छायाचित्रे एका मोठ्या फाइलपेक्षा कितीतरी हळू जातात, कारण प्रत्येक फाइल उघडणे, लिहिणे आणि बंद करणे यासाठी दोन्ही संगणकांत वेगळे निरोप जातात-येतात. त्यांची एकच झिप फाइल करून पाठवल्यास हा खोळंबा टळतो. दोष नेटवर्कचा की डिस्कचा, हा निवाडा आयपर्फ या मोफत साधनाने होतो: ते डिस्कला हात न लावता एका संगणकाच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत माहिती पाठवते. आयपर्फवर ९४० मेगाबिट मिळत असतील आणि फाइल तरीही रेंगाळत असेल, तर केबल बदलत बसू नये; डिस्क, अँटिव्हायरस किंवा फाइल-सामायिकरणाची मांडणी तपासावी.

वेग वाढावा म्हणून एसएमबीची, म्हणजे विंडोज संगणक फाइली सामायिक करण्यासाठी वापरतात त्या नियमावलीची, पहिली आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला काही ठिकाणी मिळतो, तो मुळीच मानू नये. ती आवृत्ती नव्या आवृत्त्यांपेक्षा मंद आहे, आणि मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू विंडोज संगणकांमध्ये तिच्यातीलच त्रुटीतून पसरला होता.